बॅड ब्रेन्स: वेग तर सगळ्यांकडेच होता, मग आद्यत्वाचा मान यांना का?

तीनताल:
गेल्या काही महिन्यांपासून मी अमेरिकेतील सुरुवातीचे हार्डकोर पंक, म्हणजे पंक रॉकचा अधिक वेगवान, आक्रमक प्रकार, शक्य तितक्या कालक्रमाने ऐकतो आहे. कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅगपासून सुरुवात करून वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेटपर्यंत पोचलो, आणि त्या वाटेवर जो तो बॅड ब्रेन्स या वॉशिंग्टनच्याच बँडकडे बोट दाखवत असल्यामुळे त्यांचा १९८२ सालचा पहिला अल्बम तीनदा ऐकला. गाणी आवडली, परंतु दोन शंका उरल्या. त्याच सुमारास इतरही मंडळी सुसाट वेगाने वाजवत होती, तर आद्यत्वाचा मान यांच्याकडेच कसा जातो? दुसरी शंका रेगेची, म्हणजे जमैकाच्या संथ लयीच्या संगीताची, आहे. एक-दोन मिनिटांची पाच गाणी अंगावर येऊन गेल्यावर सहाव्या क्रमांकाला ‘जाह कॉलिंग’ हा संथ तुकडा येतो, आणि मला प्रत्येक वेळी चुकून दुसरेच काही लागले की काय असे वाटते. हे दोन्ही एकाच बँडमध्ये कसे नांदले, हे जाणकारांनी सांगावे. मी आठ वर्षे तबला शिकलो आहे. गिटारमधले मला फारसे कळत नाही.

जुनी कॅसेट:
तबला शिकला आहात, तर पहिल्या शंकेचे उत्तर तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर पटेल. गिटारवर डॉक्टर नो म्हणजे गॅरी मिलर, बासवर डॅरिल जेनिफर, ड्रमवर अर्ल हडसन आणि गायक त्याचा थोरला भाऊ पॉल, म्हणजेच एच. आर., हे चौघे वॉशिंग्टनला लागून असलेल्या मॅरीलँडच्या उपनगरांतले. पंककडे वळण्यापूर्वी ते ‘माइंड पॉवर’ या नावाने जॅझ फ्यूजन वाजवत असत, आणि त्यांचे आदर्श होते रिटर्न टू फॉरेव्हर व महाविष्णू ऑर्केस्ट्रा. (महाविष्णूवाले जॉन मॅक्लॉफलिन म्हणजे पुढे झाकीरभाईंबरोबर ‘शक्ती’ उभारणारे तेच.) बाकीचे बरेच पंक बँड तीन कॉर्ड शिकून मंचावर चढले आणि उरलेले मंचावरच शिकले, हे चौघे मात्र अवघड वाजवून झाल्यावर सोप्याकडे आले, आणि नाव त्यांनी रॅमोन्सच्या एका गाण्यावरून घेतले.

फरक कुठे ऐकू येतो, तर थांबण्यात. १९८० साली तबकडीवर आलेले ‘पे टू कम’ हे जेमतेम दीड मिनिटाचे गाणे पुन्हा लावा आणि गिटार सोडून फक्त अर्लचा ड्रम ऐका. अतिद्रुत लयीत नुसते पळणे कुणालाही जमते. चौघांनी एकाच ठोक्यावर गप्प व्हायचे आणि पुढच्या ठोक्यावर काहीच घडले नसल्यासारखे पुन्हा उठायचे, याला रियाज लागतो. ‘बॅन्ड इन डी. सी.’मध्येही लय मध्येच निम्म्यावर उतरते, पण कुणाचाही तोल जात नाही. एच. आर. मंचावर उलटी कोलांटी मारायचा आणि त्याचे पाय गाण्याच्या शेवटच्या ठोक्याला जमिनीला टेकायचे. आपल्याकडे याला समेवर येणे म्हणतात.

त्यांच्याआधी कुणी वेगाने वाजवलेच नाही असा माझा दावा नाही. पण वेग आणि नेमकेपणा एकत्र कसे दिसतात, हे वॉशिंग्टनच्या पोरांनी यांच्याकडे पाहून ओळखले. मायनर थ्रेटच्या इयन मॅकायने हे ऋण अनेकदा मान्य केले आहे.

पेठेतला पाहुणा:
रेगेबद्दल लिहितो. ही ‘विविधता’ म्हणून मध्ये घातलेली चटणी-कोशिंबीर नव्हे. रेगेगायक बॉब मार्लीचा कार्यक्रम पाहिल्यानंतर हे चौघे हळूहळू रास्ताफारी या जमैकन धार्मिक पंथाकडे ओढले गेले, आणि बहुतांशी गोऱ्या मुलांच्या या वर्तुळात चार कृष्णवर्णीय वादक म्हणून उभे असताना रेगे हा त्यांच्यासाठी श्रद्धेचा भाग झाला. त्याआधी त्यांची बैठक आणखीच वेगळी होती: नेपोलियन हिल यांच्या ‘थिंक अँड ग्रो रिच’ या पुस्तकातील सकारात्मक मनोवृत्तीचा मंत्र त्यांनी उचलला आणि ‘ॲटिट्यूड’ या गाण्यात तो पी. एम. ए. (पॉझिटिव्ह मेंटल ॲटिट्यूड) या आद्याक्षरांनी घोळवला. ज्या पुस्तकाचा मराठी अनुवाद आपल्याकडे विक्रेते आणि विमा एजंट एकमेकांना भेट देतात, त्याच्यातून हार्डकोर पंकचे घोषवाक्य निघावे, याची मला अजूनही गंमत वाटते.

परिस्थिती मात्र मुळीच गमतीची नव्हती. वॉशिंग्टनच्या क्लबांनी त्यांना दारे बंद केली, तो अनुभव ‘बॅन्ड इन डी. सी.’, म्हणजे ‘वॉशिंग्टनमध्ये बंदी’, या नावातच आहे. ब्रिटनला जाऊ पाहिले, तर तिथून प्रवेश नाकारून परत पाठवण्यात आले. अखेर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये बस्तान बसवले आणि १७१ए या छोट्या स्टुडिओत तो पहिला अल्बम घडला. रोअर या कंपनीने तो केवळ कॅसेटवर काढला: पिवळी पार्श्वभूमी, अमेरिकी संसदेच्या घुमटावर कोसळणारी वीज, आणि आत पंधरा तुकडे. न्यूयॉर्कच्या हार्डकोरने यांच्याकडून वेगापेक्षाही ‘राइट ब्रिगेड’सारख्या गाण्यातला जड, संथ भाग अधिक उचलला. ‘मॉश’ (अशा कार्यक्रमांत प्रेक्षकांनी एकमेकांवर आदळत केलेला नाच) हा शब्दसुद्धा एच. आर.च्या तोंडच्या जमैकन वळणाच्या ‘मॅश’वरून आला, असे सांगितले जाते.

स्पष्टवक्ता:
वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु एक बाजू राहिली. १९८२ साली ऑस्टिनमध्ये बिग बॉइज या बँडचा गायक समलिंगी असल्याचे कळल्यावर एच. आर.ने जे वर्तन केले, ते श्रद्धेच्या नावाखाली झाकण्याजोगे नाही. बिग बॉइजने आणि त्यांच्याबरोबरच्या एम. डी. सी. या बँडने ते चव्हाट्यावर आणले, हे योग्यच केले. नंतर बॅड ब्रेन्सच्या सदस्यांनी त्या भूमिकेपासून फारकत घेतली, हेही नोंदवायला हवे. शिवाय यश हाताशी आले की गायकाने बँड सोडायचा, मग परतायचे, असे चक्र वर्षानुवर्षे चालले. त्यामुळे फायदा नंतरच्यांना झाला. लिव्हिंग कलर आणि फिशबोन या कृष्णवर्णीय रॉक बँडची वाट सोपी झाली, आणि हार्डकोरपासून सुरुवात केलेले बीस्टी बॉइज जगभर पोचले. त्यांच्यातल्या ॲडम याउकने २००७ साली बॅड ब्रेन्सचा ‘बिल्ड अ नेशन’ हा अल्बम निर्माता म्हणून घडवला, त्याला मी गुरुदक्षिणाच म्हणेन.

माझ्या मते त्यांचे सर्वांत चांगले काम मात्र १९८६ चे ‘आय अगेन्स्ट आय’. त्यातील ‘सेक्रेड लव्ह’ हे गाणे एच. आर. तुरुंगात असल्यामुळे त्याने तिथून टेलिफोनवर गायले आणि तसेच ते अल्बमवर घेतले.

तीनताल:
सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे फक्त ड्रम ऐकला, आणि हाताने मात्रा मोजत बसलो. ‘पे टू कम’ला तिसऱ्या प्रयत्नातही मागे पडलो. ‘सेक्रेड लव्ह’ आता हेडफोनवर लावले आहे. सभोवती वाद्ये भरघोस वाजत आहेत आणि आवाज तेवढा पातळ, तारेतून आल्यासारखा. कारण ठाऊक नसते, तर मी ध्वनिमुद्रणातला दोष समजलो असतो.