नदीकाठी सापडलेले लाकूड मत्स्यटाकीसाठी कसे तयार करावे?

पंचगंगातीर:
सर्वांना नमस्कार. पूर ओसरल्यानंतर कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या वरच्या अंगाला, कासारी नदीच्या काठावर, झाडाच्या मुळाचा एक सुरेख वळणांचा तुकडा मला मिळाला असून तो माझ्या तीन फुटी टाकीत ड्रिफ्टवुड (टाकीतील सजावटीचे लाकूड) म्हणून ठेवण्याची इच्छा आहे. टाकीत निऑन टेट्रा मासे आणि चेरी श्रिंप (लहान कोळंबी) आहेत. घरी अंघोळीच्या पाण्याचे तांब्याचे मोठे तपेले आहे, त्यात हे लाकूड उकळावे असा विचार आहे. ते किती वेळ उकळावे, पाण्याला उतरणाऱ्या रंगाचे काय करावे आणि लाकूड तरंगत राहिल्यास काय उपाय करावा, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जलवेल:
उकळण्याचा विचार करण्याआधी ते लाकूड टाकीत घालण्याजोगे आहे की नाही, हे ठरवावे, कारण उकळल्याने बुरशी, किडे आणि त्यांची अंडी मरतात, परंतु लाकडात मुरलेले तेल किंवा रसायन त्याने निघेलच असे नाही. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सांगायला नको की पुराचे पाणी उसाच्या फडांतून, गोठ्यांतून, गॅरेजांतून आणि सांडपाण्याच्या नाल्यांतून फिरून येते, आणि तणनाशक किंवा डिझेल प्यायलेले लाकूड वरून स्वच्छही दिसू शकते. आपण शहराच्या वरच्या बाजूचे लाकूड निवडले हे चांगले केले, तरीही ते पूर्ण वाळल्यावर त्याचा लहानसा तुकडा मोडून वास घ्यावा. तेलकट, आंबूस किंवा औषधासारखा वास आला तर कितीही देखणे असले तरी ते टाकीत घालू नये.

त्यानंतर नख रोवून पाहावे. नख सहज आत जात असेल आणि भुसा सुटत असेल तर ते आतून कुजलेले आहे, असे लाकूड पाणी बिघडवते. झाडाची ओळख पटत असेल तर कण्हेर, कडुनिंब आणि चीक येणारी सर्व झाडे कटाक्षाने टाळावीत. कडुनिंबातील कीटकनाशक द्रव्ये श्रिंपसारख्या जीवांना घातक ठरू शकतात. चिंच, जांभूळ किंवा पेरू यांचे जुने, सुकलेले, घट्ट लाकूड मला अधिक भरवशाचे वाटते. साल मात्र संपूर्ण सोलावी, कारण ती आधी कुजते आणि तिच्याखाली घाण साचते.

हा प्रश्न वाचून कोणी राधानगरीकडे लाकूड शोधायला जाऊ नये, अशीही विनंती आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय लाकूड उचलणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे.

काळादगड:
आपल्याकडे श्रिंप असल्यामुळे तांब्याचे तपेले कृपया वापरू नका. माशांना न बाधणारे तांब्याचे अल्प प्रमाणही श्रिंप आणि गोगलगायींना मारू शकते. स्टीलचे मोठे पातेले घ्यावे, लाकूड ताठ ब्रशने नुसत्या पाण्याखाली घासावे, साबण किंवा डिटर्जंट मुळीच लावू नये, आणि मग तासाभराने पाणी बदलत दोन-तीन वेळा उकळावे. त्याहून फार जास्त उकळल्याने लाकडाचे तंतू सैल पडतात. पातेल्यात न मावणाऱ्या लाकडावर उकळते पाणी ओतून ते प्लास्टिकच्या पिंपात भिजत ठेवावे, मात्र त्या पिंपात पूर्वी रसायन किंवा खत भरलेले नसावे.

पाण्याला येणारा कोऱ्या चहासारखा रंग टॅनिनचा, म्हणजे लाकडातील तुरट द्रव्याचा असतो. तो माशांना अपायकारक नाही. उलट ॲमेझॉन खोऱ्यातील निऑन टेट्रांना असे किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. बोअरचे पाणी जड असेल तर पीएच फारसा उतरतही नाही. रंग नकोच असेल तर भिजवण्याचे पाणी रोज बदलावे आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवावा.

लाकूड पाणी पिऊन जड व्हायला काही आठवडेही लागू शकतात. घाई असल्यास ते स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने सपाट दगडावर बसवावे. येथे दगडाची निवड महत्त्वाची आहे, कारण घरात सहज सापडणारे शहाबादी फरशीचे आणि कडप्प्याचे तुकडे हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि ते पाण्याचा जडपणा वाढवतात. कडप्पा काळा असल्याने पुष्कळजण त्याला आपला काळा दगड (बेसाल्ट) समजतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर तो टाकीत नको. ग्रॅनाइट किंवा आपल्याकडचा बेसाल्ट निर्धास्त वापरावा.

पंचगंगातीर:
दोघांचेही मनापासून आभार. लाकूड घट्ट आणि वासरहित निघाले, स्टीलच्या पातेल्यात उकळून, भिजवून ते बेसाल्टवर बसवले आहे. आता टाकीत त्याच्यावर पांढरी, बुळबुळीत साय धरली आहे. लाकूड पुन्हा बाहेर काढावे का?

जलवेल:
काढण्याची गरज नाही. लाकडातून सुटणाऱ्या शर्करेवर वाढणारी ही बुरशी आणि जिवाणूंची साय आहे. ती नव्या लाकडावर बहुधा येतेच आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरते. आपले श्रिंप ती आवडीने खातील. फार दाट झाल्यास पाणी बदलताना नळीने ओढून घ्यावी. मात्र साईचा रंग काळपट होऊन सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, तर लाकूड आतून कुजत आहे असे समजून ते त्याच दिवशी बाहेर काढावे आणि टाकीतील निम्मे पाणी बदलावे.