संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावर एकट्या असलेल्या कर्मचाऱ्याची जबाबदारी कोणाची?

प्रश्न (ग्रंथपाल, तालुक्याचे ठिकाण)

आमच्या अनुदानित सार्वजनिक वाचनालयात आम्ही तिघेच कर्मचारी आहोत : मी, एक निर्गम सहायक आणि एक शिपाई. सकाळची वेळ मी पाहते आणि संध्याकाळी पाच ते आठ निर्गम सहायक ताई पुस्तकांची देवघेव सांभाळतात. त्याच वेळी शेजारच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी तीस-पस्तीस मुले बसलेली असतात. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी शिपाई बाहेरच्या कामाला गेलेला असताना, दप्तर ठेवून दोन जागा अडवणाऱ्या एका वाचकाला ताईंनी एक जागा मोकळी करायला सांगितली. त्याने टेबलावर हात आपटला, हजेरीची वही भिरकावली आणि बाहेर भेटण्याची भाषा केली. ही गोष्ट मला चार दिवसांनी कळली, तीही एका ज्येष्ठ सभासदाकडून. तेव्हापासून साडेसात वाजले की ताईंचे लक्ष पुस्तकांवरून उडून दाराकडे लागते. कार्यकारी मंडळाच्या एका सदस्यांनी "एवढे मनावर घ्यायचे नाही" असे सांगून विषय संपवला. सुरक्षारक्षक नेमण्याइतका पैसा संस्थेकडे नाही. अशा परिस्थितीत मी आणि मंडळाने नेमके काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल)

मॅडम, आपल्या पत्रातले मला सर्वांत गंभीर वाटलेले वाक्य वही भिरकावल्याचे नसून चार दिवसांनी कळल्याचे आहे. सांगून काही होणार नाही, उलट "तुम्हीच नीट बोलला नसाल" असे ऐकावे लागेल, असे कर्मचाऱ्याला वाटते तेव्हाच तो गप्प बसतो, आणि ते वाटणे दूर करणे हे प्रमुखाचे पहिले काम आहे. म्हणून आधी ताईंशी निवांत बोला, त्यांचे सगळे ऐकून घ्या आणि "तुम्ही नियमाप्रमाणेच वागलात" हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. शक्य झाल्यास तेच वाक्य मंडळाच्या सभेच्या इतिवृत्तात येऊ द्या.

दुसरी गोष्ट घटना नोंदवहीची. शंभर पानी साधी वही पुरते. तारीख, वेळ, काय घडले, कोण हजर होते आणि पुढे काय केले, एवढे लिहायचे आणि दर सभेत कार्यवाहांनी त्यावर सही करायची. तोंडी तक्रार विसरली जाते, पण सहा महिन्यांच्या नोंदी समोर आल्यावर त्या मनावर घेऊ नका असे कोणी म्हणू शकत नाही. आमच्याकडे अशा नोंदींवरूनच लक्षात आले की बहुतेक वाद बंद करण्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात होतात, आणि मग त्या अर्ध्या तासात दोघांनी हजर राहायचे असे ठरले. आपल्याकडे दुसरा माणूस मिळत नसेल तर अभ्यासिका आठऐवजी सातला बंद करा. मुलांची गैरसोय होईल हे मला कळते, आणि त्या मुलांची धडपड मी जवळून पाहिली आहे. तरीही एकट्या बाईला तिथे बसवून ती सोय चालवणे योग्य नाही.

टेबलाची जागाही पाहा. आमचे देवघेवीचे टेबल कित्येक वर्षे दोन कपाटांच्या मधल्या कोपऱ्यात होते. बसणाऱ्याच्या पाठीशी भिंत आणि समोर वाचकांची रांग, त्यामुळे उठून जायचे म्हटले तर वाट वाचकांमधूनच होती. एका रविवारी आम्ही चौघांनी मिळून ते दाराजवळ, बाजूने बाहेर पडता येईल असे हलवले. खर्च काहीच आला नाही, आणि सहायक बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आज पाठ दुखली नाही." त्या इतकी वर्षे अंग आखडून बसत होत्या, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

त्या वाचकाचे म्हणणे ऐकून घ्या, पण त्याला पत्र मंडळाच्या शिक्क्याचे आणि कार्यवाहांच्या सहीचे जाऊ द्या. जागा अडवण्याचा नियमही त्याच सहीने भिंतीवर लावा, म्हणजे "नाही" म्हणणारी व्यक्ती ताई राहणार नाहीत, संस्था राहील.

उत्तर २ (महिला हक्कांच्या क्षेत्रातील कार्यकर्ती)

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते. धमकीचा प्रसंग लैंगिक स्वरूपाचा नसेल तर तो पोलिसांकडे नेण्याचा विषय आहे, आणि तातडीच्या वेळी ११२ हा क्रमांक टेबलावर चिकटवलेला असावा. मात्र अश्लील बोलणे, पाठलाग किंवा स्पर्श असे काही असेल तर २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागू होतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नसते, म्हणून आमच्यासाठी काही नाही, असा समज लहान संस्थांत सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे, कारण अशा ठिकाणच्या महिलांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. शिवाय कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही कर्मचाऱ्याला सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य असल्याचे याच कायद्यात म्हटले आहे, म्हणजे "तो आमचा नोकर नाही, वाचक आहे" असे म्हणून मंडळाची सुटका होत नाही. तक्रार करायची की नाही हे ताईंनाच ठरवू द्या. त्यांची झोप उडाली असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

उत्तर ३ (एका वाचनालयाचे कार्यवाह)

मी मंडळाच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून आमची चूक सांगतो. शासनाचे परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्यासाठीची मदत, हप्त्यांनी येते, आणि आमच्याकडे अनुदान आले की पगार हीच रीत होती. मधले महिने आमच्या ग्रंथपालांनी उसनवारीवर काढले आणि आम्ही मात्र वर्धापनदिनी त्यांना शाल देऊन समाधान मानले. कर्मचाऱ्याच्या मनःस्वास्थ्याबद्दल बोलायचे तर सुरुवात पगाराच्या तारखेपासून करावी लागते. आता सभागृहाच्या भाड्याची रक्कम आम्ही वेगळी ठेवतो आणि दर महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार देऊन अनुदान आल्यावर ती भरून काढतो. वाचकांच्या अनामत रकमेला हात लावत नाही. याखेरीज मंडळाचा एक सदस्य आठवड्यातून दोन संध्याकाळी वृत्तपत्र विभागात येऊन बसतो. तो काहीच करत नाही, नुसता वाचत बसतो, तरी आरडाओरडा जवळजवळ थांबला आहे.

उत्तर ४ (सहायक ग्रंथपाल, कोकण)

धुळीचे आणि बुरशीचेही बोलायला हवे. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जुलै २०२१ च्या पुराचे पाणी शिरले, तेव्हा भिजलेल्या ग्रंथांचे काय होते हे सगळ्यांनी पाहिले. पण पूर न येताही आमची मंडळी दर पावसाळ्यात बुरशी धरलेली पुस्तके उघड्या तोंडाने झटकतात आणि बंद खोलीत डांबरगोळ्यांच्या वासात तासन्‌तास बसतात. चांगला मास्क, हातमोजे आणि उघडी खिडकी एवढे तरी द्या. आणि चोरीच्या भीतीने अभ्यासिकेच्या मागच्या लोखंडी दाराला कुलूप घालत असाल, तर आत मुले बसलेली असेपर्यंत ते काढून ठेवा. एवढ्या कागदांत आग लागली तर एकच दार पुरणार नाही.

मूळ प्रश्नकर्त्या

सर्वांचे मनापासून आभार. काल ताईंशी तासभर बोलले. आपल्याला कामावरून कमी करतील अशी त्यांना भीती वाटत होती, म्हणून त्या गप्प राहिल्या. मागच्या दाराचे कुलूप आजपासून अभ्यासिका रिकामी झाल्यावरच लागेल आणि रविवारी टेबल हलवणार आहोत. अभ्यासिका सातला बंद करण्याचा प्रस्ताव शनिवारच्या सभेत ठेवते आहे. वाचकाला पाठवायच्या पत्राचा नमुना कोणाकडे असल्यास कृपया इथे द्यावा, म्हणजे तो सभेपूर्वी कार्यवाहांना दाखवता येईल.