पुण्याच्या उन्हाळ्यात दुपार कशी जाते? ऐकणे, पाहणे आणि खेळणे यांचे अनुभव

एप्रिल सुरू झाला की पुण्यात सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच हा वेळ बेतूनच घालवावा लागतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे आणि मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे पहाटे टेकडीवर जाणे किंवा रात्री गच्चीवर बसणे सुखाचे होते. अडचण असते ती मधल्या काहिलीची. 30 एप्रिल 1897 रोजी येथे 43.3 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, म्हणजे ही काहिली काही आजची नाही, आणि ती सुसह्य करण्याच्या रीतीही जुन्याच आहेत. माझे मत असे, की उन्हाळ्यात विरंगुळ्याची वेळ साधली पाहिजे. संध्याकाळी मन रमवणारी गोष्ट दुपारी दोन वाजता नकोशी होते. म्हणून या धाग्यावर लिहिणाऱ्या सर्वांना विनंती, की पन्हे आणि कोकम सरबताच्या कृती इतरत्र पुष्कळ मिळतात, त्या येथे देऊ नयेत. आपण काय ऐकता, काय पाहता, काय खेळता आणि नेमके केव्हा, ते कारणासह लिहावे.

नारायण पेठ, निवृत्त संगीत शिक्षिका

आपल्या संगीताने या वेळेची सोय फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. माध्यान्हीच्या सुमारास सारंग रागाचे प्रकार गातात: वृंदावनी सारंग, मधमाद सारंग, शुद्ध सारंग, आणि त्याच वेळेचा गौड सारंग. वृंदावनी सारंगात गंधार (ग) आणि धैवत (ध) हे स्वर नसतात. चढताना शुद्ध निषाद (नी) लागतो आणि उतरताना कोमल. स्वर कमी असल्यामुळे रागात मोकळी जागा राहते, आणि उन्हाने शिणलेल्या डोक्याला तो जड वाटत नाही. जेवण आटोपल्यावर पडदे ओढून, ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीवर चटई टाकून मी विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल लावते आणि मधे कोणाशी बोलत नाही. तीन वाजून गेले की भीमपलासी, उन्हे कलू लागली की मुलतानी आणि सूर्यास्ताला मारवा, असा क्रम ठेवला तर दुपार कधी सरली ते कळत नाही.

माझ्या विद्यार्थिनींना मी दर उन्हाळ्यात एक तुलना आवर्जून ऐकवते. मधमाद सारंगाचे स्वर सा, रे, म, प आणि कोमल नी एवढेच आहेत. मेघ हा पावसाचा राग, आणि अनेक गायक त्यातही हेच पाच स्वर घेतात. फरक आहे तो चलनात, म्हणजे स्वर घेण्याच्या रीतीत. मेघात मध्यमावरून (म) ऋषभावर (रे) मींडेने, म्हणजे न तुटता घसरत, उतरतात, ऋषभ आंदोलित, म्हणजे हळुवार झुलता, ठेवतात आणि गाणे मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात अधिक रेंगाळते. सारंगात तोच ऋषभ सरळ आणि स्वच्छ लागतो. डोक्यावर ऊन असताना आधी मधमाद आणि लगोलग मेघ ऐकला, तर स्वर तेच असूनही हवा पालटलेली जाणवते. ज्यांना रागसंगीताची सवय नाही, त्यांनीही हा प्रयोग अवश्य करून पाहावा, कारण यासाठी शास्त्र माहीत असण्याची मुळीच गरज नाही.

सहकारनगर, गृहिणी

ताईंचा अनुभव वाचून आनंद झाला. मात्र एक शंका विचारते. आमच्याकडे मेघ आणि मियाँ मल्हार हे राग आषाढ-श्रावणासाठी राखून ठेवण्याची रीत आहे. वैशाखात ते ऐकले तर पावसाळ्यातली त्यांची गोडी उणी होणार नाही का? मी स्वतः दुपारी नाट्यपदे ऐकते, कारण ती आटोपशीर असतात आणि कुरडया-पापडांवर लक्ष ठेवण्यासाठी गच्चीच्या दारापर्यंत फेऱ्या घालताना मधेच थांबवता येतात.

नारायण पेठ, निवृत्त संगीत शिक्षिका

आपली रीत योग्यच आहे. मैफलीत मी वैशाखात मल्हार गाणार नाही. घरी अभ्यासासाठी ऐकताना मात्र ती अट पाळत नाही, आणि मे महिन्यात वळीव कोसळून गेला असेल त्या संध्याकाळी तर मेघ लावल्यावाचून मला राहवत नाही.

प्रभात रस्ता, चित्रपटांचा जुना प्रेक्षक

पुण्यातला उन्हाळा आणि चित्रपट यांचे नाते केवळ थंडगार चित्रपटगृहापुरते नाही. प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून येथे आली, तिच्याच स्टुडिओच्या जागेवर 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. या दोन संस्थांचा चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम अनेक वर्षे ऐन मे महिन्याच्या सुमारास भरत आला. देशभरातून आलेली माणसे बाहेर ऊन रणरणत असताना अंधारात बसून जगभरचे चित्रपट पाहत आणि मधल्या सुटीत झाडाखाली त्यांवर वाद घालत. मलाही दुपारी गंभीर चित्रपट पाहण्याची गोडी तिथेच लागली.

माझे दोन ठाम आग्रह आहेत. पहिला वेळेचा. उन्हाळ्यात बारा वाजताचा खेळ निवडू नये, कारण तो सुटतो तेव्हा बाहेर ऊन ऐन भरात असते आणि अंधारातून एकदम रस्त्यावर आले की डोळे दिपून डोके धरते. तीनच्या खेळाला जाताना अर्धा तास चटके सोसावे लागतात खरे, पण सहाच्या सुमारास बाहेर पडताना फर्ग्युसन रस्त्यावर झाडांच्या सावल्या लांबलेल्या असतात आणि पाहिलेल्या चित्रपटाविषयी बोलत घरापर्यंत चालत जाता येते.

दुसरा आग्रह चित्रपटाच्या निवडीचा. दिवसभराच्या उजेडाने शिणलेल्या डोळ्यांना भडक रंगांपेक्षा कृष्णधवल चित्रपट मानवतात, असा माझा अनुभव आहे. त्यात रात्रीचे प्रसंग, पाऊस, ओले रस्ते, छत्र्या असतील तर फारच उत्तम. घरी पाहायचा असेल तर खोली पूर्ण काळोखी करावी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि चित्रपट तुकड्यातुकड्यांनी न पाहता एका बैठकीत संपवावा. उन्हाळ्याची दुपार त्यासाठी पुरेशी मोठी असते. एकपडदा चित्रपटगृहांत लाकडी खुर्च्यांवर बसून पाहण्यातली मजा आता फारशी उरली नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

स्वारगेट, रिक्षाचालक

वरील सर्वांना दुपारी घरात बसता येते, ही भाग्याची गोष्ट आहे. आम्हाला बसता येत नाही. दुपारी एक ते तीन भाडी कमी असतात, तेव्हा मी सारसबागेजवळ सावली पाहून रिक्षा लावतो, टपावर ओले पोते टाकतो आणि रेडिओ लावतो. विविध भारती 1957 पासून चालू आहे. माझे वडीलही तीच ऐकत आणि मीही तीच ऐकतो. दुपारी मला संथ, जुनी, कमी वाद्यांची गाणी लागतात. ढोल-ताशांचा ठेका असलेले गाणे त्या वेळी ऐकवत नाही; तेच गाणे रात्री नऊला चालते. कोणता प्रवासी कशाला वैतागतो तेही उन्हावर अवलंबून असते, म्हणून दुपारी प्रवासी बसला की मी न सांगता आवाज कमी करतो. धागा सुरू करणाऱ्यांनी वेळेविषयी जे लिहिले आहे, ते रस्त्यावरच्या माणसालाही पटणारे आहे.

एक सुचवावेसे वाटते. आपल्या दाराशी दुपारी कोणी पार्सल घेऊन आले, तर पाणी विचारावे आणि दोन मिनिटे जिन्यात टेकू द्यावे.

बिबवेवाडी, दोन मुलांची आई

मुलांना सुटी लागल्यावर दुपारी पडद्यावर काय पाहू द्यायचे, यापेक्षा पडद्यावाचून काय करायचे हा आमच्या घरचा प्रश्न होता. त्यावर आम्ही कॅरम आणि पत्ते हा तोडगा काढला. कॅरमचा खरा हंगाम उन्हाळाच आहे. कोरड्या हवेत फळी चांगली तापते, पावडर चिकटत नाही आणि स्ट्रायकर अलगद सरकतो. पावसाळ्यात तीच फळी दमट होऊन सोंगट्या अडखळतात. जेवणानंतर फळी पुसून मधल्या वर्तुळाजवळ चिमूटभर पावडर टाकायची आणि सोंगट्या लावायच्या, हे काम धाकट्याकडे असते आणि ते तो पूजा मांडावी तितक्या निगुतीने करतो. पंखा मात्र एकावर ठेवावा लागतो, नाहीतर पावडर उडते. खेळाच्या नादात गरम होत असल्याची तक्रार कोणी करत नाही.

पत्त्यांत लहान मुलांबरोबर बदाम सात आणि झब्बू बरे. मोठी माणसे जमली की मेंढीकोट. चार जणांच्या मेंढीकोटात भिडू समोरासमोर बसतात, चारही दश्शे पकडण्यासाठी चुरस असते, आणि आजोबा व नात भिडू झाले की हुकुमाची पाने कोणाकडे किती गेली याचा हिशोब नातच चोख ठेवते. आजीने तिला सागरगोटेही शिकवले. गारेगार फरशीवर बसून खेळायचा हा खेळ दुपारसाठीच जन्माला आला असावा.

औंध, यंत्र अभियंता

वाळ्याच्या पडद्यांचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. पाणी वाफ होताना भोवतालची उष्णता शोषून घेते, आणि हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन वेगाने होते. त्यामुळे एप्रिलमध्ये खिडकीला ओला वाळा बांधला तर खोली खरोखर निवते. मेच्या अखेरीस हवेत दमटपणा वाढू लागला, की पडद्याचा आणि कूलरचा दोन्हींचा उपयोग घटतो. मी दुपारी एकदा आणि चारला एकदा पडदा भिजवतो आणि त्याच खोलीत आकाशवाणीची जुनी नभोनाट्ये ऐकतो. पुणे केंद्र 1953 मध्ये सुरू झाले. नभोनाट्यात दृश्य नसल्याने डोळे मिटून पडता येते, आणि वाळ्याच्या वासात ऐकलेले संवाद माझ्या चांगले लक्षात राहतात.

सदाशिव पेठ, बँकेतून निवृत्त

संध्याकाळविषयी थोडे लिहितो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला टिळक स्मारक मंदिरात एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या उत्तरार्धापर्यंत चालते. भर उन्हाळ्यात रोज संध्याकाळी नवा विषय आणि नवा वक्ता ऐकायला मिळणे, याहून चांगला विरंगुळा मला ठाऊक नाही. दुपारी त्या विषयावरचे एखादे पुस्तक काढून चाळून ठेवावे, म्हणजे व्याख्यान अधिक समजते आणि दुपारचाही उपयोग होतो. नातवंडांसाठी याच दिवसांत भरत नाट्य मंदिरात आणि बालगंधर्व रंगमंदिरात बालनाट्ये लागतात; त्यांची तिकिटे आधी काढून ठेवलेली बरी.

धनकवडी, महाविद्यालयीन विद्यार्थी

रात्रीचे कोणी लिहिले नाही, म्हणून आमच्या इमारतीच्या गच्चीविषयी सांगतो. सिमेंटची गच्ची दिवसभर तापलेली असते, आणि सूर्यास्तानंतर लगेच तिथे बसले तर खालून वाफा येतात. आम्ही सातच्या सुमारास बोअरचे पाणी शिंपडतो आणि साडेआठला सतरंज्या अंथरतो. पांढरी चादर पाण्याच्या टाकीच्या भिंतीला ताणून बांधली की प्रोजेक्टरवर चित्रपट चांगला दिसतो. चादर इस्त्री केलेली हवी, नाहीतर चेहऱ्यांवर सुरकुत्या पडतात. चित्रपट निवडण्याचा मान आळीपाळीने एकेका घराकडे असतो, त्यामुळे ज्येष्ठांच्या आवडीचे जुने मराठी चित्रपट आम्हा मुलांना पाहायला मिळतात आणि त्यांना आमच्या आवडीचे. सुटीच्या आदल्या दिवशीच हा कार्यक्रम ठेवतो, आणि चित्रपट लांबणार असेल तर दहा वाजता ध्वनिवर्धक बंद करून उरलेला भाग दुसऱ्या रात्री दाखवतो.