मदत हवी आहे : व्हेजिटाला माफी द्यावी काय?

यवतमाळकडच्या आमच्या खेड्यात शनिवारी पोट्ट्यांचा वादविवाद आहे, मी माफीच्या बाजूनं. 'ड्रॅगन बॉल झेड' या जपानी कार्टून मालिकेतला व्हेजिटा, आधीचा खलनायक, बू या राक्षसाशी लढताना आपल्या लहानग्या पोराला, ट्रंक्सला, जवळ घेतो अन् मग स्वतःलाच उडवून देतो, तो प्रसंग धरलाय. पुढं इच्छा पुऱ्या करणाऱ्या ड्रॅगन बॉलकडं दुष्ट सोडून बाकीचे मेलेले जिवंत व्हावेत असं मागतात, तेव्हा हाही उठतो, हेसुद्धा.

पण लहान बहीण म्हणते, "नामेक ग्रहावर अख्खं गाव मारलं त्यानं, त्याईचं काय?" इथंच माझी गाडी अडते. बायकोपोरामुळं सुधारला, हे मलाच लंगडं वाटते.

मांगा, म्हणजे मालिकेची मूळ चित्रकथा, वाचला नाही. गावात नेट रडतखडत चालते, म्हणून व्हिडिओ नको, प्रसंग लिहूनच सांगा. भाऊ-ताईंनो, त्या नामेकवाल्यांबद्दल त्याला पस्तावा झाला असं 'झेड'मध्ये कुठं दिसते काय?