आज्जी : तुमच्या आठवणी लिहा

पंचगंगेकाठची
काल चटणी कांडायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीवर, गेले होते. एप्रिल म्हणजे रांग काय विचारायची! माझ्या पुढं एक म्हातारी बाई, नऊवारी, हातात पितळी डबा. डंकवाल्याला म्हणाली, "लसूण आत्ता न्हवं रं, शेवटाला घाल. आन् घाई करू नगंस, मी काय गाडी पकडाय चाललोय व्हय?" अगदी आमच्या आज्जीचा सूर. मला तिथंच रडू फुटलं. नशीब डंकावर सगळ्यांचेच डोळे लाल असतात, कुणाच्या लक्षात आलं नाही.

आज्जीला पाच लेकी, आणि पाचही जणींची चटणी ती स्वतः करायची. संकेश्वरी मिरची तिखटाला, ब्याडगी रंगाला. आठवडाभर सगळ्या नातवंडांना माडीवर बसवून देठं मोडायला लावायची. कांदा पत्र्यावर वाळत घातलेला, कावळे हाकलायचं काम धाकट्यांचं. तिला लिहायवाचायला येत नव्हतं. मग कुठली बरणी कुणाची हे कसं कळायचं? ज्या लेकीची बरणी, तिच्या लग्नाआधीच्या साडीची चिंधी बरणीच्या गळ्याला बांधायची. माझ्या आईची मोरपंखी. इचलकरंजीच्या मावशीची बरणी एसटीच्या ड्रायव्हरच्या स्वाधीन करायची आणि वर त्यालाच दम द्यायची, "उन्हात ठेवलास तर बघ."

आज्जी गेल्यावर मावश्या वर्षातून एकदाही एकत्र जमत नाहीत. भांडण असं काही नाही. जमायला निमित्त राहिलं नाही, इतकंच.

तुमच्या आज्ज्यांबद्दल लिहा. चांगलंच लिहायला पाहिजे असं नाही.

सईची_आई
वाचून पाणी आलं डोळ्यात. ऑफिसात आहे, रात्री सविस्तर लिहिते.

मिरचीकांदा
सुंदर लिहिलंय ताई. एक विचारू का, किलोभर मिरचीला सुकं खोबरं किती घालायची आज्जी? आमच्यात पाव किलो. सासरी अर्धा किलो घालतात आणि वर म्हणतात आमचीच खरी कोल्हापुरी. ती चटणी नव्हे, खोबऱ्याचं सारण.

पंचगंगेकाठची
@मिरचीकांदा पाव किलोच. आणि बरणीत वर हिंगाचा खडा.

शुक्रवारपेठकर
आमच्या आज्जीचा पावसाळा एकाच प्रश्नावर चालायचा. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी, "राजाराम बंधाऱ्याला किती झालं?" पंचगंगेचं पाणी तिथं मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे घरातल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ. ४० झालं की ती माळ्यावर धान्य चढवायला सुरुवात करायची. आम्ही हसायचो. ८९ चा पूर तिनं बघितला होता, २००५ चा आम्ही सगळ्यांनीच.

२०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं. बोटवाली पोरं दारात येऊन ओरडत होती आणि ही आत काहीतरी शोधतेय. काका खवळला. कागदपत्रं असतील, दागिने असतील असं वाटलं. पदराखाली घेऊन आली काय, तर विरजणाचा डबा! "घर काय, पुसून घेता येतंय. ह्ये माझ्या सासूचं हाय." ज्या शाळेत नेऊन ठेवलं तिथं कुठनं तरी दूध पैदा केलं आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला ताक. आता आमच्या घरी त्याच विरजणाचं दही लागतं. बायको मुंबईची आहे, पण दोन दिवस गावाला गेली तरी डबा बरोबर नेते.

गगनबावडा
@शुक्रवारपेठकर नाद खुळा आज्जी!!

उन्हाची_तिरीप
मला अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सवच आठवतो, मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर येतात तो. ९, १०, ११ नोव्हेंबर, आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. आज्जीला मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनला घाबरायची. तरी तिन्ही दिवस जायचंच. मामा मला खांद्यावर घ्यायचा आणि खालून तिचा हात माझी पोटरी गच्च धरून. "कुठवर आलं? कुठवर आलं?"
"पायापर्यंत, आज्जी."
"मग?"
"गुडघा... आता कमरेला."
पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असं व्हायला पाहिजे. एका वर्षी तिसऱ्या दिवशी ढग आले आणि किरणं वाटेतच विरली. मी ठोकून दिलं, "तोंडावर आलं आज्जी, लख्ख!" तिनं हात जोडले. घरी जाताना महाद्वार रोडवर मला पेढे घेऊन दिले आणि म्हणाली, "ढग हुतं न्हवं? मला गारवा कळतोय की रं."

भावा_थांब
हाहाहा पकडला 😂

कुणीतरी_एक
माझं वेगळं आहे, लिहू की नको असं करत होते. आमच्या आज्जीनं दुधाची साय कायम भावाच्या वाटीत घातली. आम्हा दोघी बहिणींना खालचं पातळ. भाऊ कधी गुपचूप आमच्या वाटीत सरकवायचा, तर त्याच्या हातावर चापट. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा म्हणाली, "पोरीच्या जातीला काय करायचंय." आई आजारी पडली तेव्हा मात्र आईचं न्हाणं-धुणं तिनंच केलं, कुणाला हात लावू दिला नाही. त्यामुळं धड राग पण करता येत नाही. बाराव्याला सगळे रडले, मी भाकरी थापत बसले होते. लोकांच्या आज्ज्यांबद्दल वाचते तेव्हा हेवा वाटतो, एवढंच.

पंचगंगेकाठची
@कुणीतरी_एक बरं केलंस लिहिलंस.

शुक्रवारपेठकर
@कुणीतरी_एक आमच्यात पण सायीचं हेच होतं. बहिणीला विचारायला पाहिजे एकदा.

मिरचीकांदा
@कुणीतरी_एक घरी ये माझ्या. अख्खं पातेलं तुझं.

कुणीतरी_एक
@मिरचीकांदा येते. खोबरं पाव किलोच घाल पण.

उचगावकर
राजारामपुरीत चांगला डंक कुठं आहे? आईला मंगळवार पेठेपर्यंत जमत नाही.

भावा_थांब
आमची आज्जी फुटबॉलवाली. खरंच सांगतो. माहेर पाटाकडील तालमीचं, आजोबा शिवाजी तरुण मंडळाचे, म्हणजे घरातच दोन टीम. शाहू स्टेडियमला मॅच असली की घरात त्या दिवशी स्वयंपाक लवकर आणि बोलणं बंद. ती काय स्टेडियमला जायची नाही, पण गल्लीत फटाके कुठल्या बाजूनं वाजतात त्यावरनं तिला रिझल्ट कळायचा. आजोबा तोंड पाडून आले की ताटात मुद्दाम पांढरा रस्सा जास्त. "घ्या, ताकद येऊ दे पोरांस्नी." आजोबा गेले त्या सीझनला शिवाजी हरला, तर ही दारात बसून रेफ्रीला शिव्या घालत होती. आम्ही म्हटलं, अगं तुझी टीम जिंकली की. म्हणाली, "गप्प बस. आता त्यांच्या बाजूनं बोलाय कोण हाय?"

गगनबावडा
@भावा_थांब हे वाचून घरी फोन लावला. पण तुम्ही पाटाकडीलचे की शिवाजीचे ते आधी सांगा.

भावा_थांब
@गगनबावडा मी खंडोबा तालमीचा 😄

रंकाळावेडा
@भावा_थांब म्हणजे घरात तिसरं भांडण.

सईची_आई
आले. सगळं आत्ता वाचलं. लिहिणार होते, पण सईला ताप आहे, उद्या बघते. @उचगावकर आठव्या गल्लीत विचारा, तिथं एक होता, चालू आहे का माहीत नाही. मिरची सकाळी लवकर न्या, दुपारी लाईट जाते.