'तरतूद', 'मंजूर', 'वितरित' : नेमका फरक काय?

नागपूरच्या धरमपेठेतून प्रश्न : हिवाळी अधिवेशन आलं की एकाच पुलासाठी कधी 'तरतूद', कधी 'निधी मंजूर', तर कधी 'तत्त्वतः मान्यता' असं छापून येतं. अर्थ एकच समजायचा का?

सिव्हिल लाइन्समधून : नाही ताई, फार फरक आहे. 'तरतूद' म्हणजे अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा रकमांत) एखाद्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या ठरावीक खात्याखाली दाखवलेली रक्कम. विधिमंडळानं ती 'मंजूर' केली की खर्चाची परवानगी मिळते, पैसा सुटत नाही. तो सुटतो 'निधी वितरित' असा शासन निर्णय निघाल्यावर. कामाचा रस्ता वेगळाच : प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, मग कार्यादेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करायचा आदेश. त्याचं देयक, म्हणजे बिल, कोषागारातून (सरकारी तिजोरीतून) पास झालं की मगच 'खर्च'. 'तत्त्वतः मान्यता' या सगळ्याच्या आधीची, तिच्यामागे रुपयाही नसतो.

मी तीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढली, म्हणून कळकळीनं सांगतो. पुरवणी मागण्या नागपुरात डिसेंबरात मंजूर होतात आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. तेवढ्यात निविदा निघाली नाही, तर तरतूद व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. पूल तिथंच राहतो आणि भाषणात मात्र 'आम्ही निधी दिला' कायम असतं. असं वाक्य ऐकलं की विचारा : तरतूद केली की वितरित केला? लोकांचा विश्वास उडतो तो इथंच.

महालातून : काका, 'निधी समर्पित' म्हणजे त्या कामासाठी राखून ठेवलेला ना?

सिव्हिल लाइन्समधून : उलट! सरकारी मराठीत समर्पित म्हणजे खर्च झाला नाही म्हणून परत केलेला. हा शब्द बदलायलाच हवा, वाचणाऱ्याची सरळ दिशाभूल होते.

इतवारीतून : करांचंही तेच आहे भाऊ. 'सुलभीकरण' ऐकलं की गिऱ्हाईक विचारतं, भाव किती उतरला? सुलभीकरण म्हणजे नियम सोपे होणं, कपात म्हणजे दर उतरणं. २०२५ च्या आयकर कायद्यात कलमं ८१९ वरून ५३६ वर आली, 'मागील वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' यांच्या जागी 'कर वर्ष' हा एकच शब्द आला, पण त्यानं दर बदलले नाहीत. हे निव्वळ सुलभीकरण. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीच्या १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ किंवा १८ मध्ये आल्या, तिथं सुलभीकरण आणि कपात दोन्ही झालं. जाहीरनाम्यात नुसतं 'करप्रणाली सोपी करू' असेल, तर त्यात दर उतरवायचं वचन नाही, हे गिऱ्हाइकाला मी दुकानातच सांगतो.