मदत हवी आहे: जुन्या ब्रिटिश मालिकांचा दर्जा ठरवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

सध्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या ब्रिटिश मालिका बघतोय आणि एका प्रश्नावर अडलोय. बीबीसीची 'आय, क्लॉडियस' (१९७६) स्टुडिओत, व्हिडिओटेपवर केलेली. अख्खं रोम नेपथ्यातच उभं केलंय. पण डेरेक जेकोबीने साकारलेला रोमन सम्राट क्लॉडियस अडखळत, मान झटकत बोलायला लागला की नजर हटत नाही! याउलट ग्रॅनडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीची 'ब्राइड्सहेड रीव्हिजिटेड' (१९८१) फिल्मवर, इंग्लंडमधल्या कासल हॉवर्ड या खऱ्याखुऱ्या जुन्या वाड्यात चित्रित. देखणी आहेच, पण मला जागोजागी रेंगाळल्यासारखी वाटते.

त्या काळी बीबीसीत आतले प्रसंग टेपवर आणि बाहेरचे १६ मिमी फिल्मवर घ्यायची सर्रास पद्धत होती. पात्र दार उघडून अंगणात आलं की चित्राचा पोतच बदलतो. हा दोष धरायचा की त्या काळाची रीत म्हणून सोडून द्यायचा? मी तरी संहिता आणि अभिनयालाच आधी गुण देतो.

जाणकारांनी कृपया सांगावं, तुम्ही छायाचित्रण आणि नेपथ्याला किती वजन देता? आणि टेपवरच्या मालिकांच्या ब्लू-रे प्रतींत खरंच फरक दिसतो का, की डीव्हीडी पुरेशी आहे?